जुने गोवे पाहताना

युरोपातली जुनी शहरे पाहून आलेल्या मंडळींची प्रवासवर्णने आपण मोठ्या आवडीने वाचतो. रोमचे घुमट, फ्लॉरेन्सचे संगमरवरी पुतळे, लिस्बनच्या चढउताराच्या गल्ल्या. वाचता वाचता मनात येते की, हे सारे आपल्या नशिबी कुठले? परभणी जिल्ह्यातल्या पिंगळीसारख्या गावच्या माणसाने पारपत्र काढायचे केव्हा, विमानात बसायचे केव्हा आणि तिथली भाषा शिकायची केव्हा! पण मंडळी, हा बेत वाटतो तेवढा अवघड नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपची एक राजधानी आपल्याच देशात, आपल्या शेजारच्याच राज्यात उभी आहे. पणजीपासून सुमारे दहा किलोमीटरवर, मांडवी नदीच्या काठी. तिचे नाव जुने गोवे. ज्याने गोवे पाहिले त्याला लिस्बन पाहण्याची गरज नाही, अशी म्हण एके काळी खुद्द पोर्तुगीजांतच रूढ होती. आणि १ नोव्हेंबर १७५५ च्या महाभयंकर भूकंपाने लिस्बनचा मोठा भाग धुळीस मिळवला, हे ध्यानात घेतले म्हणजे ही म्हण निव्वळ बढाईची नव्हती असेही वाटू लागते.

आता आमच्या पिंगळीतून हल्ली दर हिवाळ्यात कोणी ना कोणी गोव्याला जातोच. परत आला की पारावर बसून समुद्राच्या लाटा सांगतो, काजूचा भाव सांगतो. त्याला विचारावे, "काका, जुने गोवे पाहिले का हो?" की उत्तर ठरलेले. "पाहिलं की! अर्ध्या तासात उरकलं. एक मोठं चर्च रस्त्याच्या या अंगाला, एक त्या अंगाला. गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला, निघालो." आता जे शहर उभे राहायला शंभर वर्षे लागली आणि मोडायला दोनशे, ते अर्ध्या तासात उरकते ते कसे? आज त्याविषयीच बोलायचे आहे. जुने शहर पाहावे कसे, आणि पाहताना काय विचारावे.

पहिली गोष्ट वाटेचीच. पणजीहून निघाल्यावर रायबंदरपर्यंत आपली मोटार एका लांबलचक दगडी बांधावरून जाते. दोन्ही अंगांना पाणी आणि दलदल, मधून सरळ रस्ता. पुष्कळांना हा साधा रस्ताच वाटतो. पण हा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा पूल आहे, आणि तो लिन्यारेशचा काउंट व्हॉइसरॉय असताना, १६३३-३४ च्या सुमारास बांधला गेला. म्हणजे शिवाजीमहाराज शिवनेरीवर तीन-चार वर्षांचे होते, त्या वेळचा. त्यावरून आज मोटारी धावतात. प्रेक्षणीय स्थळ येईपर्यंत डोळे मिटून बसायचे नसते, ते याचसाठी.

जुन्या गोव्यात पोहोचल्यावर गर्दी जिकडे जाते तिकडे न जाता आधी सरळ नदीवर जावे. कारण हे शहर नदीकडून पाहण्यासाठीच वसवलेले होते. इथे पोर्तुगीजांच्या आधीही बंदर होते. कदंबांच्या काळी गोव्याची राजधानी थोडी दक्षिणेला, जुवारीच्या काठी होती. पुढे त्या नदीत गाळ साचत गेला आणि व्यापार मांडवीकाठच्या एळा या गावी आला. आधी बहामनी सुलतान आणि मग विजापूरचे आदिलशहा यांच्या अमलात हे बंदर भरभराटीला आले. अरबस्तानातून येणारे घोडे इथे उतरत आणि घाट चढून दख्खनच्या पठारावर येत. दख्खनच्या राज्याराज्यांतल्या लढाया ज्या घोड्यांवर लढल्या गेल्या, त्यांतले कितीतरी याच धक्क्यावर पहिल्यांदा जमिनीला लागले असतील. अशा बंदरावर अल्बुकर्कचा डोळा होता. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, सेंट कॅथेरिनच्या सणाच्या दिवशी, त्याने ते आदिलशहाकडून जिंकले.

धक्क्यावरून वर आले की समोर जांभ्या दगडाची कमान दिसते. ही व्हॉइसरॉयची कमान. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा हा इथे व्हॉइसरॉय होऊन आला, त्याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही उभारली आणि तिच्यावर आपल्या पणजोबांची मूर्ती बसवली. लिस्बनहून जहाज निघाले की इथे पोहोचायला सहा-सहा महिने लागत. वाटेत कित्येक माणसे दगावत. नवा व्हॉइसरॉय या कमानीखालून समारंभाने शहरात येई. आज आपण पाहतो ती कमान १९५४ साली पुन्हा बांधून काढलेली आहे. कमानीच्या आतल्या बाजूला मान वर करून बघा. एका स्त्रीची मूर्ती आहे आणि तिच्या पायाखाली एक पालथा पडलेला माणूस आहे. तो पायाखालचा माणूस म्हणजे इथला रहिवासी. जेत्याने आपल्या वेशीवरच आपला हिशेब लिहून ठेवला आहे, आपण फक्त तो वाचायचा.

कमानीतून आत गेले की डाव्या हाताला एक एकटीच चौकट उभी दिसते. काळ्या दगडाचे कोरीव खांब, वर आडवी तुळई, बाजूला जाळीचे तुकडे. आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला हा दगड लगेच ओळखीचा वाटेल. बाकी सारे शहर तांबड्या जांभ्याचे आणि ही चौकट मात्र आपल्याकडच्यासारख्या काळ्या पाषाणाची. कोरीव काम तर एखाद्या देवळाच्या दारावर शोभावे असे. आदिलशहाच्या वाड्यातले हे एवढेच शिल्लक राहिले आहे. देवळांच्या घडणीचे खांब, सुलतानाचा वाडा, पुढे त्यातच पोर्तुगीज व्हॉइसरॉयचे बिऱ्हाड! १६९५ पर्यंत व्हॉइसरॉय इथे राहत होते. १८२० च्या सुमारास वाडा पाडून त्याचे दगड दुसरीकडच्या बांधकामाला नेले. तीन राजवटी एका चौकटीत पाहायच्या असतील तर इथे पाच मिनिटे थांबावे. इथे गर्दी नसते.

शेजारीच सेंट कॅजेटनचे चर्च आहे. त्याचा मोठा घुमट आणि दर्शनी भाग रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर आहे. याची गोष्ट मोठी गमतीची. थिएटाइन पंथाचे काही इटालियन धर्मगुरू पोपने गोवळकोंड्याच्या राज्यात धर्मप्रसारासाठी पाठवले होते. तिथे काही त्यांना परवानगी मिळाली नाही. तेव्हा ते १६४० साली गोव्यात येऊन राहिले, आणि सतराव्या शतकाच्या मध्यास त्यांनी हे चर्च उठवले. म्हणजे रोमचा हा धाकटा भाऊ गोवळकोंड्याच्या नकारातून जन्मला. आत गेल्यावर घुमटाच्या बरोबर खाली एक चौकोनी ओटा दिसतो. त्याच्या खाली विहीर आहे. मंडळी, ही विहीर ध्यानात ठेवा. पुढे आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

कमानीतून निघून शहरात जाणारा रस्ता होता, त्याचे नाव रुआ दिरैता, म्हणजे सरळ रस्ता. आज तिथे नारळीची झाडे आणि हिरवळ आहे. चारशे वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंना सराफ, रेशमाचे व्यापारी, चिनी भांड्यांची दुकाने होती. लिन्स्कोटेन नावाचा डच तरुण १५८३ ते १५८८ गोव्यात राहिला, त्याने या रस्त्याचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले आहे. रोज सकाळी इथे जाहीर बोलीने माल विकला जाई. पोर्तुगीज भाषेत त्याला लैलांव म्हणत. आपण ज्याला लिलाव म्हणतो, तो शब्द हाच! पिंगळीच्या आसपास एखाद्या जप्तीच्या मालाचा लिलाव पुकारला जातो, तेव्हा त्या पुकाऱ्यात मांडवीकाठच्या या रस्त्याचा आवाज मिसळलेला असतो. आणि लिलाव एकटाच आला असे नाही. पगार, चावी, पाव, बटाटा, कोबी, काजू, अननस, पपई, घमेले, पिंप, परात, फीत, आणि तुरुंगसुद्धा, हे शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले. आमच्या गावातली म्हातारी घमेले डोक्यावर घेऊन कामावर जाते आणि शनिवारी पगार मागते. तिने गोवे पाहिलेले नाही, पण गोवे तिच्या बोलण्यात येऊन बसले आहे.

पण श्रोतेहो, इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्या सकाळच्या बाजारात घोडे विकले जात, गालिचे विकले जात, आणि माणसेही विकली जात. आफ्रिकेतून आणि ठिकठिकाणांहून आणलेले गुलाम तिथे उभे केले जात. लिन्स्कोटेनने तेही लिहून ठेवले आहे. आजच्या त्या नेटक्या हिरवळीवर त्याची काही खूण नाही. म्हणून ती आपण मनात बाळगायची.

आता मधल्या मोठ्या चौकात येऊ. एका अंगाला से कॅथेड्रल. 'से' म्हणजे बिशपची गादी. गोवे ज्या सणाच्या दिवशी जिंकले त्या सेंट कॅथेरिनच्या नावाचे हे महामंदिर १५६२ साली बांधायला घेतले आणि मूळ इमारत १६१९ साली पुरी झाली. लांबी सुमारे अडीचशे फूट. बाहेरून पाहिले तर काहीतरी चुकल्यासारखे वाटते, कारण एकाच बाजूला मनोरा आहे. दुसरा १७७६ साली पडला तो पुन्हा बांधलाच नाही. उरलेल्या मनोऱ्यात गोव्यातली सर्वांत मोठी घंटा आहे. तिच्या गोड नादामुळे तिला सोन्याची घंटा म्हणतात. नाद गोड खरा, पण एके काळी ही घंटा वाजली की लोकांच्या काळजात धस्स होत असे. धर्मन्यायालयाने, म्हणजे इन्क्विझिशनने, दोषी ठरवलेल्यांची मिरवणूक काढून जाहीर शिक्षा सुनावायची असली की ती वाजे. गोव्यातले हे न्यायालय १५६० साली सुरू झाले, मध्ये चार वर्षे बंद राहिले आणि अखेर १८१२ साली उठले. ज्या वाड्यात ते भरे, तो या चौकाजवळच होता. त्याचा आज मागमूस नाही.

याच काळात या बेटांवरची देवळे पाडली गेली. लोकांनी रातोरात आपले देव उचलले आणि नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला नेले. तो मुलूख तेव्हा आदिलशहाचा होता. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. आज पर्यटक सकाळी चर्चे पाहतो आणि दुपारी मंगेशीला जातो. गाडीवाला त्याला दोन वेगळी ठिकाणे म्हणून दाखवतो. वास्तविक ती एकाच गोष्टीची दोन पाने आहेत, आणि एक वाचल्यावाचून दुसरे समजत नाही.

कोणी म्हणेल, मग अशा ठिकाणी जावे तरी कशाला? मला वाटते, अवश्य जावे. ज्याने ही कमान बांधवली तो राज्यकर्ता होता, पण दगड वाहिले आणि वेदीवरचे लाकूड कोरले ते इथल्याच माणसांनी. वेदीवरच्या सोनेरी नक्षीत बारकाईने पाहिले तर युरोपच्या द्राक्षवेलीशेजारी आपल्याकडची पानेफुले उगवलेली दिसतात. शिवाय आज या चर्चांत गुडघे टेकणारी माणसे गोव्याचीच, कोकणी-मराठी बोलणारी माणसे आहेत. त्यांच्या श्रद्धेचा मान राखूनच आपण आत पाऊल टाकावे. इतिहासातले दुःख आठवायचे ते कोणाशी भांडण्यासाठी नव्हे. पुन्हा तसे आपल्या हातून कोणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून आठवायचे.

कॅथेड्रलच्या मागे सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचे चर्च आणि त्याला लागून पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. १९६४ साली ते उघडले. व्हॉइसरॉय आणि गव्हर्नर यांची तसबिरींची रांगच तिथे आहे. पण त्या सरदारांच्या पोशाखांत गुंतून न पडता तिथले वीरगळ पाहा. आपल्या मराठवाड्यात गावच्या वेशीवर जे वीरगळ शेंदूर फासून उभे असतात, त्यांचेच हे गोव्यातले भाऊबंद. फरक एवढाच की आपल्या वीरगळावर गाईंसाठी लढणारा वीर असतो आणि इथल्या काही वीरगळांवर नावेतली लढाई कोरलेली आहे.

रस्ता ओलांडला की बॉम जेझस बॅसिलिका. १५९४ साली पायाभरणी, १६०५ साली अभिषेक. भिंतींवरचा गिलावा काढून टाकलेला असल्यामुळे आतला तांबडा जांभा उघडा दिसतो. इथे सेंट फ्रान्सिस झेवियरचा देह आहे. चीनच्या किनाऱ्यावरच्या एका बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी त्याला मृत्यू आला. १५५४ साली त्याचा देह गोव्यात आणला गेला. वरची चांदीची पेटी सतराव्या शतकात गोव्याच्याच सोनारांनी घडवली. खालचे संगमरवराचे आसन मात्र फ्लॉरेन्सचे. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने जोव्हानी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराकडून ते करवून घेतले. त्याला दहा वर्षे लागली आणि १६९८ साली ते इथे बसवले गेले. फ्लॉरेन्सचा संगमरवर आणि गोव्याची चांदी एकावर एक पाहायची असेल, तर ती इथे पाहावी. दर दहा वर्षांनी ही पेटी दर्शनासाठी खाली उतरवतात. गेल्या खेपेचे दर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ असे झाले, आणि लाखो लोक येऊन गेले.

मराठी माणसाला या जागी आणखी एक प्रसंग आठवायला हवा. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजीमहाराजांच्या सैन्याने जुव्याचे बेट घेतले. हे बेट इथून अगदी जवळ. व्हॉइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर स्वतः लढायला गेला आणि जखमी होऊन परतला. शहर आता जाणार असे वाटू लागले. तेव्हा तो या समाधीपाशी आला आणि आपला अधिकाराचा दंड त्याने संताच्या पायाशी ठेवला. राज्य आता तूच सांभाळ, असा त्याचा भाव. पुढे मोगलांची फौज कोकणात उतरल्याने महाराजांना माघारी वळावे लागले आणि गोवे वाचले. कोणी म्हणाले संताने तारले, कोणी म्हणाले औरंगजेबाने.

आता थोडी टेकडी चढायची. वर सेंट ऑगस्टीनच्या मठाचे अवशेष आहेत. मनोऱ्याची एकच बाजू उभी आहे, तरी तिची उंची सुमारे दीडशे फूट भरते. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने सगळे मठ बंद केले, माणसे निघून गेली. १८४२ साली छत कोसळले, १९३१ साली दर्शनी भाग पडला. या ढिगाऱ्यात पुरातत्त्व खात्याला २००४ साली एक हाड सापडले. जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिला १६२४ साली इराणात शिराझ येथे हाल करून मारले होते. तिचे अवशेष ऑगस्टिनियन साधूंनी गोव्यात आणून याच मठात ठेवले, असे जुन्या कागदांत नमूद होते. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी त्या हाडाची तपासणी केली, तेव्हा या नोंदीला पुष्टी मिळाली. २०२१ साली भारत सरकारने त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला सन्मानपूर्वक दिला. पाहा, पडक्या भिंतीतसुद्धा एखाद्या देशाची आई सापडते.

टेकडीच्या पलीकडे सेंट पॉल महाविद्यालयाची फक्त एक कमान उरली आहे. तिथे थांबायला कोणी येत नाही. पण भारतातला पहिला छापखाना १५५६ साली या महाविद्यालयात बसला. खरे तर तो चालला होता ॲबिसिनियाला, गोव्यातच राहून गेला. पुढे फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला, आणि त्याने ओवीबद्ध ख्रिस्तपुराण मराठीत रचले. ते १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. तो गोव्यात आला त्याच सुमारास, १५८४ साली, आपल्या गोदाकाठी पैठणला एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. गोदाकाठची ओवी परदेशी माणसाच्या तोंडी बसली आणि त्याने ती आपल्या देवासाठी वापरली. एकीकडे देवळे पडत होती आणि दुसरीकडे भाषेचे असे नाते जुळत होते. दोन्ही खरे आहे.

आता प्रश्न उरतो तो मुख्य. एवढे वैभवशाली शहर मेले कसे? भरभराटीच्या काळात वस्ती दोन लाखांपर्यंत गेली होती असे म्हणतात. १७७५ च्या सुमारास ती सोळाशेच्या आसपास उरली होती. तोफांनी हे केले का? डचांनी व्यापार बुडवला, नाकेबंदी केली, हे खरे. पण शहराचा जीव घेतला तो मुख्यतः रोगराईने, आणि रोगराईचे एक मोठे मूळ पाण्यात होते.

१५४३ साली इथे पटकीची भयंकर साथ आली. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य त्या काळी गोव्यात होता. त्याने वनस्पती आणि औषधे यांवर संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात त्याने या रोगाचे नाव मोर्देशीं असे दिले आहे. ओळखलात हा शब्द? आपली मोडशी! आपण त्यांच्याकडून लिलाव आणि पगार घेतला, आणि त्यांनी आपल्याकडून मोडशी नेली.

हे शहर टेकड्यांच्या मधल्या सखल जागेत वसलेले. बाजूला दलदल, डासांची पैदास. जांभा दगड सच्छिद्र असतो. त्यातून पाणी मुरते तशी घाणही मुरते. घराघरात विहीर आणि शेजारीच शौचकूप. वस्ती वाढत गेली आणि मैला झिरपून विहिरींत उतरू लागला. लोक सोन्याच्या ताटात जेवत आणि त्या विहिरीचे पाणी पीत. इथले राजाचे रुग्णालय जगात नावाजलेले होते. फ्रेंच प्रवासी पिरार द लावाल १६०८ साली तिथे रोगी म्हणून राहिला, आणि तिथे चांदीच्या भांड्यांतून जेवण देत असे त्याने लिहिले आहे. त्याच रुग्णालयात सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत सुमारे पंचवीस हजार सैनिक मेले, असा आकडा इतिहासकार देतात. भांडी चांदीची होती, पण पाणी कुठले होते हा प्रश्न कोणी धसास लावला नाही.

मग माणसे हलू लागली. १६९५ साली व्हॉइसरॉय पणेलीला गेला, १७५९ साली पणजीला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगालचा मुख्य प्रधान पोंबाल याने जुने शहर पुन्हा उभारण्याचा हुकूम सोडला. कामावर आणलेले मजूरच तापाने मरू लागले आणि काम सोडून द्यावे लागले. १८४३ साली पणजी ही रीतसर राजधानी झाली. घरे ओस पडली, दगड वाहून नेले गेले, माड उगवले. राहिली ती चर्चे. १९८६ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात स्थान दिले.

श्रोतेहो, आता ती घुमटाखालची विहीर आठवा. वर रोमचा घुमट, खाली पाणी. एवढ्या शहराची गोष्ट एका ओट्यापाशी उभे राहून सांगता येते.

आणि इथेच मला आमची पिंगळी आठवते. पिंगळीला जुन्या घडणीची दगडी बारव आहे. आपल्या परभणी जिल्ह्यात अशा बारवा ठिकठिकाणी आहेत. सेलू तालुक्यातल्या वालूरची, वळत वळत खाली जाणाऱ्या पायऱ्यांची बारव तर पाहण्याजोगी आहे. चारठाण्याला देवळे आहेत, दीपमाळ आहे, बारव आहे. गोव्याला जाऊन आलेले आमचे किती लोक या बारवेच्या तळाशी कधी उतरले असतील? बारव म्हणजे नुसती विहीर नव्हे. पाणी किती आहे, स्वच्छ आहे की गढूळ, ते गावातल्या लहानथोरांना पायऱ्यांवरूनच दिसते. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की गाळ काढायचा, पायरीचा निखळलेला दगड बसवायचा. गाव यात चुकले की त्याची शिक्षाही गावालाच.

पण आपलेच कौतुक करून थांबणे बरे नव्हे. बारवेची पायरी पाण्यापर्यंत जाते, म्हणून माणूसही पाण्यात पाय घालतो. त्यातूनच नारू पसरत असे. नारूच्या रोग्याने पाण्यात पाय बुडवला की जंताची पिल्ले पाण्यात उतरत, ती बारीक जलपिसवांच्या पोटात वाढत आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू होई. आपल्याकडच्या जुन्या माणसांनी काडीला गुंडाळून नारू काढताना पाहिलेला आहे. पुढे सरकारने आणि गावकऱ्यांनी मिळून पायऱ्यांच्या बारवांचे पिण्याचे पाणी बंद केले, बोअर घेतले, फडक्याने पाणी गाळायला शिकवले. १९९६ साली देशातला शेवटचा रोगी सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. गोव्याच्या व्हॉइसरॉयांना जे साधले नाही ते आपल्या खेड्यांनी साधले, ही काही लहान गोष्ट नाही. बारव सुंदर आहे आणि तिचे पाणी पिऊ नये, ही दोन्ही वाक्ये एका दमात म्हणता आली पाहिजेत. जुन्या वास्तूवर प्रेम करण्याची हीच शहाणी रीत आहे.

तेव्हा जुन्या गोव्याला जाल तर एक अख्खा दिवस काढून जा. पावसाळा सरल्यावरचे दिवस चांगले. सकाळी लवकर नदीवर उभे राहा आणि तिथून चालत निघा. चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर मागे शांत बसा. फरशीवर कोरीव थडग्यांचे दगड आहेत, त्यांवर पाय देताना जपा. बरोबर मुले असतील तर त्यांना सनावळी पाठ करायला लावू नका. एवढेच विचारा की, हे कोणी बांधले, कोणाच्या घामाने बांधले, इथली माणसे पाणी कुठले पीत होती, आणि सांडपाणी कुठे जात होते. हे चार प्रश्न रोमला चालतात, लिस्बनला चालतात, गोव्याला चालतात.

आणि पिंगळीलाही चालतात. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळा झाला, गोवे १९ डिसेंबर १९६१ ला. दोघांनाही आपली घरे नव्याने लावावी लागली. व्हॉइसरॉयच्या शहराजवळ संपत्ती होती, कारागीर होते, जहाजे होती. फक्त विहिरीपासून मोरी दूर ठेवण्याची दक्षता त्याने घेतली नाही. आपल्याजवळ जहाजे नाहीत, पण दक्षता घेण्याला कोणाची आडकाठी आहे? यंदा उन्हाळ्यात बारवेतला गाळ काढायचे ठरले, तर घमेली घरोघरी आहेतच. शब्द गोव्याचा असला तरी काम आपल्या गावचे आहे.